पोकळ धोंड्याची साक्ष

मी एक धोंडा बोलतोय. कड्यावरून सुटलेला, अस्सल, काळाकुट्ट. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा. खोटं बोललो तर मला वाळवी लागो.

वाळवी लागलेली आहे, हे कबूल. पण ती आधीच लागलीय, तिचा या शपथेशी काही संबंध नाही. आणि दगडाला वाळवी लागतेच कशी, असं तुमच्यातला एखादा चौकस माणूस विचारणारच, म्हणून सांगून टाकतो: मी दगड नाही. मी कागद आहे. रद्दी, खळ, गोणपाट, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि वरून रंगाचे हात. म्हणजे माझं पहिलंच वाक्य खोटं निघालं. काही हरकत नाही, तुम्ही दुसऱ्यापासून खरं धरा.

माझा जन्म चित्रपटांच्या कारखान्यात, मागच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारा माणूस अंगाने इतका काटकुळा, की वाऱ्याच्या दिवशी लोक त्याला दाराची कडी धरून उभं राहायला सांगायचे. त्याला सगळे 'थोरला' म्हणत. कारण त्याचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात होता आणि हा धाकटा म्हणजे पडद्यावरचा नायक, दोन दारांएवढी छाती असलेला. एकाच आईची ही दोन लेकरं, यावर पहिल्या भेटीत कुणी विश्वास ठेवायचं नाही. थोरला खोट्या वस्तू बनवायचा. खांब, साखळदंड, तुरुंगाचे गज, किल्ल्याचे दरवाजे. आणि धाकटा त्या मोडायचा.

"आमच्या घरात मोडतोड झाली की चूल पेटते," असं थोरला म्हणायचा.

माझं पोट त्याने जुन्या जाहिरातींनी भरलं. सिनेमा उतरला की त्याचे भिंतीवरचे कागद सोलून थोरल्याकडे यायचे. तेव्हा माझ्या आत जे थर आहेत ते सगळे नायकच आहेत. अगदी आतला थर मुक्या चित्रपटांच्या काळातला. तेव्हाचा बलवान म्हणजे घागरीसारखं पोट, खांद्यावरून तिरकं घेतलेलं कातडं आणि मनगटाला चामड्याचा पट्टा. पोट सुटलेलं असलं तरी चालायचं. उलट ते खात्यापित्या घरचं लक्षण. त्यावरच्या थरात बोलके नायक. ते गळ्यापर्यंत गुंड्या लावायचे, उसासे टाकायचे आणि गाणी म्हणायचे. त्या काळात स्नायू खलनायकाच्या नोकराकडे असत, आणि तो नोकर पहिल्या अर्ध्या तासातच मार खाऊन विहिरीत पडे. मग पुन्हा वारं फिरलं. लोकांना गाण्यांचा कंटाळा आला, कुणीतरी सदरा काढला आणि तिकीटखिडकीची काच फुटली. त्या काचफुटीच्या सुमाराला धाकटा आला आणि त्याच्यासाठी मी आलो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. धाकट्याने मला डोक्यावर उचललं, गर्जना केली आणि खाली उभ्या असलेल्या राक्षसावर फेकलं. राक्षस चिरडून मेला, मग उठून चहा प्यायला गेला. पण दुसऱ्या दिवशी ते चित्रीकरण पडद्यावर बघताना दिग्दर्शकाने, म्हणजे आमच्या साहेबांनी, दिवे लावायला सांगितले.

"हे काय आहे?"

"धोंडा आहे," थोरला म्हणाला.

"धोंडा मला दिसतोय. मी याच्या हाताबद्दल विचारतोय. बेटकुळी कुठाय? हात झोपलाय याचा! उशी उचलल्यासारखा उचलतोय. तो राक्षस मरणार कशाने, हसून?"

"पण मी तोंड किती वेडंवाकडं केलंय, बघा ना," धाकटा म्हणाला.

"तुझं तोंड बघायला कोण येतंय इथे? अरे, तोंडाला सोंग आणता येतं. दंडाला येत नाही. लोक त्याचेच तर पैसे देतात."

बोलणं कडू होतं, पण खरं होतं. खोट्या ओझ्याने खरा स्नायू फुगत नाही. डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडता येतं, पाठीवर पाणी फवारून घाम आणता येतो. पण दंडावरची शीर कुणाच्या सांगण्याने उभी राहत नाही. ती फक्त वजनाला ओळखते.

मग थोरल्याने माझ्या तळाला एक झाकण कापलं आणि वाळूच्या लहान लहान पिशव्या शिवल्या. एक पिशवी आत घातली, धाकट्याने मला उचललं, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस ओरडला, "आला! आला! दंड आला!" जणू काही घरात बाळ जन्मलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या दोघांचा बाप हमाल होता. लहानपणी दोघे पोरगे त्याच्याबरोबर पोती वाहायला जात. बापाचं एक सांगणं होतं: ओझं माणसाला मारत नाही, अंदाज मारतो. जड समजून हलकं उचललंस तरी कंबर जाईल, हलकं समजून जड उचललंस तरी जाईल. म्हणून थोरला प्रत्येक पोत्यावर खडूने रेघा ओढून ठेवायचा. एक रेघ म्हणजे हलकं, दोन म्हणजे बेताचं, तीन म्हणजे दात आवळ. धाकटा आधी रेघा बघायचा, मग अंगाला तयार करायचा, आणि मगच हात घालायचा.

तीच पद्धत त्यांनी माझ्यावर आणली. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला खडूच्या रेघा. जेवढ्या पिशव्या आत, तेवढ्या रेघा बाहेर. हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना नाही, कॅमेरामनला नाही, धाकट्याच्या बायकोलाही नाही. रंगाऱ्याने एकदा त्या पुसल्या, तर थोरल्याने त्याला असं काही झापलं की तो दोन सिनेमे माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. "मी इथे सगळं खोटं बनवतो," थोरला त्याला म्हणाला, "ही एवढी एकच खरी गोष्ट आहे. हिला हात लावायचा नाही."

त्यानंतर आमचे दिवस आले. माझ्याखाली किती सेनापती, किती चेटके आणि किती सावत्र काका गेले, त्याची मोजदाद नाही. एक वेळ तर अशी आली की धाकटा मला एका हाताने फेकायचा आणि मी सरळ शेजारच्या सिनेमात जाऊन पडायचो. हे जरा जास्त झालं, मान्य. पण गर्दी खरी होती.

आणि माणसांची गंमत काय सांगू! सिनेमागृहाच्या दालनात मला काही दिवस प्रदर्शनाला ठेवलं होतं, तेव्हा मी सगळं बघितलंय. आत जाताना जी माणसं पोक काढून जायची, ती मध्यंतरात छाती काढून बाहेर यायची. भिंतीवरच्या आरशासमोर पोट आत ओढून उभी राहायची आणि श्वास संपला की इकडेतिकडे बघत सोडायची. बायका बघत नाहीत असं दाखवून बघायच्या. म्हाताऱ्या मात्र उघड बघायच्या. "आमच्या वेळी असं काही नव्हतं गं," एक म्हणाली. "होतं की," दुसरी म्हणाली, "तुझ्या घरी नव्हतं." आणि जाता जाता प्रत्येक पुरुष मला बुटाने हळूच ढोसून बघायचा. धोंडा खरा आहे का, ते नव्हे. आपल्याच्याने हलेल का, ते.

पण पडद्यामागे ती छाती कशी बनते ते मी पाहत होतो, आणि ते बघून कागदालाही घाम फुटावा. आधी न्हावी यायचा आणि अंगावरचा केस न् केस उतरवायचा. माझ्या आतल्या थरातल्या नायकांच्या छातीवर जंगल होतं, तेव्हा ते मर्दानी होतं. आता कॅमेरा जवळ आला होता आणि त्याला कातडीखालचं दिसायला हवं होतं. मग तेल. मग मीठ बंद. आणि सदरा काढायचा प्रसंग असला की आदल्या दिवसापासून पाणी बंद. अंगातलं पाणी आटलं की कातडी स्नायूला चिकटते, आणि दोरखंडासारखं सगळं वर येतं. ज्या घटकेला लोकांना तो सगळ्यात ताकदवान दिसायचा, नेमक्या त्याच घटकेला त्याच्याने पेल्यातलं पाणीसुद्धा न सांडता धरवलं नसतं. ओठ पांढरे, जीभ टाळ्याला चिकटलेली. शिट्ट्या वाजायच्या त्या या तहानेवर.

वय कुणाला सोडतं? धाकट्याच्या कानाशी पांढरे केस आले, ते रंगवले. कंबर जाड झाली, ती पट्ट्याने आवळली. तेवढ्यात गावात एक नवा पोरगा उगवला. लोखंडी यंत्रांवर तासतास लटकून त्याने अंग असं कोरून घेतलं होतं, की पोटावर चौकोन मोजावेत. त्याच्या पहिल्या सिनेमाला लोक उड्या मारत गेले. साहेबही जाऊन आले, आणि आल्यावर धाकट्याकडे असे बघत राहिले, जसं माणूस जुन्या छत्रीकडे बघतो.

"हल्ली नुसती छाती चालत नाही रे," साहेब म्हणाले. "शीर पाहिजे. मानेवर, दंडावर, इथे, कपाळावर. लोकांना आता ओझं दिसायला हवं."

धाकटा तडक शेडमध्ये आला. "दादा, पिशवी वाढव."

"तीन आहेत. पुष्कळ झाल्या."

"त्या पोराची मान बघितलीस? दोरखंड आहेत दोरखंड. चार कर."

"तुझं वय—"

"माझं वय काढू नकोस. खडू काढ."

थोरल्याने चार केल्या. पुढच्या सिनेमाला पाच. मी आतून भरत चाललो होतो. अंगात वाळू खेळताना जो आवाज होतो ना, सळसळ, सळसळ, तो मला मुळीच आवडायचा नाही. खोटं असण्यात एक बरं असतं, कुणाचा जीव घेता येत नाही. आता मला तीही खात्री राहिली नव्हती.

धाकट्याच्या बायकोला कारखान्यात सगळे 'वहिनी' म्हणत. नवऱ्याचा सिनेमा तिने कधी पुरता बघितला नव्हता. तो सदरा काढायला लागला की ती बाहेर येऊन उभी राहायची. एका दुपारी ती शेडमध्ये आली. थोरला खांब रंगवत होता.

"भाऊजी, हे काल जिन्यात बसले."

"दमला असेल."

"दमून माणूस खुर्चीत बसतो. हे भिंत धरून खाली घसरले. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, छाती बाहेरून राजवाडा आहे, आतला पहारेकरी म्हातारा झालाय. ताण नको म्हणाले. आणि पाणी बंद करणं तर मुळीच नको."

थोरल्याचा कुंचला थांबला. "तो काय म्हणाला?"

"ते म्हणाले, डॉक्टर हडकुळा आहे, जळतो." ती हसली नाही. माझ्याजवळ आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. "याच्या पोटात तुम्ही काय भरता ते मला माहीत आहे. बायको आहे मी, आंधळी नाही. रिकामा करा हा, भाऊजी. त्यांना नका सांगू. गुपचूप रिकामा करा."

"तसं चालत नाही."

"का नाही चालत? सगळं खोटंच तर असतं तुमचं!"

"हे नसतं," थोरला म्हणाला. पण का नसतं, ते त्याने सांगितलं नाही. खडूचं गुपित दोघा भावांचं होतं. लहानपणापासून दुसऱ्या कुणाला ते सांगायची वेळच आली नव्हती, आणि त्या दिवशी आली तेव्हा त्याला ती ओळखता आली नाही.

वहिनी गप्प बसणारी नव्हती. तिने साहेबांना गाठलं, कॅमेरामनला गाठलं, न्हाव्यालासुद्धा गाठलं. "तो धोंडा रिकामा करा, नाहीतर एक दिवस मीच करीन," असं ती चारचौघांत म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा. तिच्या दुर्दैवाने सगळ्यांनीच ते लक्षात ठेवलं.

मग तो दिवस आला. उंच माचाणावर लाकडाचा आणि गोणपाटाचा डोंगर उभारला होता. कड्याच्या टोकाला धाकट्याने उभं राहायचं, मला डोक्यावर घ्यायचं आणि खालच्या सैन्यावर फेकायचं. समोर, मी जिथे पडणार होतो तिथे, गाद्या अंथरल्या होत्या. मागे काही नव्हतं. मागच्या बाजूला माचाण संपत होतं आणि थेट खाली फरशी होती. तिकडे कोण पडणार म्हणून कुणी तिचा विचार केला नव्हता. शिवाय साहेबांनी वर्तमानपत्रांची माणसं बोलावली होती. नव्या पोराच्या तोंडात मारायची होती ना! नायक खरा धोंडा उचलतो, असं छापून आणायचं होतं.

धाकट्याने आदल्या दिवसापासून पाणी घेतलं नव्हतं. तो आरशासमोर बसला होता आणि कुणी काही विचारलं तर फक्त मान हलवत होता. वहिनी कपडे बदलायच्या तंबूत बाकावर बसून होती, मांडीवर पाण्याची बाटली धरून.

जेवणाची सुट्टी झाली. लोक पांगले. मी माचाणावर एकटा होतो. तेव्हा ती आली. इकडेतिकडे बघितलं, मला कलतं केलं, झाकण उघडलं आणि एकेक करून पिशव्या काढल्या. तिचे हात थंड होते. शेवटची पिशवी गेली, तसं मला जन्माच्या दिवसासारखं हलकं वाटायला लागलं. तिने झाकण लावलं. पाच रेघा मात्र तशाच राहिल्या, कारण त्या कशाच्या आहेत हे तिला माहीत नव्हतं.

सुट्टी संपली. दिवे लागले. धाकटा वर आला. उघड्या अंगावर तेल चमकत होतं. खाली बातमीदारांमध्ये कुजबुज झाली आणि एकजण अभावितपणे सरळ बसला, हे मी वरून पाहिलं. धाकटा माझ्याजवळ वाकला, त्याने रेघा पाहिल्या. पाच. मग त्याने डोळे मिटले आणि अंगाला तयार केलं. पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत एकेक स्नायू जागा होत वर आला. पाच पिशव्यांसाठी लागतं तेवढं सगळं बळ त्याने गोळा केलं, आणि त्या आटलेल्या देहात होतं-नव्हतं ते सगळं तेवढंच होतं. कपाळावर शीर आली. मानेवर आली. कॅमेरामन अक्षरशः श्वास घ्यायचा विसरला.

त्याने मला हिसडा दिला.

मी काय करणार? मी कागद. मी उडालो. त्याचे हात माझ्याबरोबर वर गेले, खांदे हातांच्या मागे गेले, आणि जे बळ माझ्यावर खर्च व्हायचं होतं ते त्यालाच घेऊन मागे गेलं. एक पाऊल मागे. दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला माचाण नव्हतं.

मी पुढे गादीवर पडलो. मऊ, आवाज न करता.

त्याचा आवाज मात्र झाला.

पुढचं भराभर सांगतो. जीव वाचला, पाठ मोडली. कंबरेखाली त्याचं अंग पुन्हा हललं नाही. पिशव्यांची शोधाशोध झाली तेव्हा त्या तंबूत सापडल्या, वहिनी बसली होती त्याच बाकाखाली.

"वहिनी, हे तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"मी नाही," ती म्हणाली.

"तुम्हीच म्हणाला होता ना, एक दिवस मीच करीन म्हणून?"

"म्हणाले होते. केलं नाही." तिने थोरल्याकडे पाहिलं. "भाऊजी, सांगा ना यांना."

थोरल्याने खाली पाहिलं.

धाकटा दवाखान्यातून घरी आला तो तिचं तोंड न बघण्याचा निश्चय करूनच. तिने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, मग एका सकाळी आपली पेटी उचलून ती भावाकडे निघून गेली. आणि तो सिनेमा? तो लागला. पडण्याच्या आधीच तो प्रसंग कापला. कपाळावर शीर आलेला, मला हिसडा देणारा धाकटा पडद्यावर क्षणभर दिसतो आणि लोक अजून खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारतात. तो इतका देखणा त्याआधी कधीच दिसला नव्हता.

कारखान्याने मला भंगारात काढलं, पण थोरला घरी घेऊन आला. आता दोघे भाऊ एकत्र राहतात. मी खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली. वाळवी आतून बाहेर येतेय. गाणी म्हणणारे नायक तिने संपवले, आता ती काचफुटीच्या काळापर्यंत पोचलीय. मी आतून रोज थोडा आणखी पोकळ होतो, आणि कोपऱ्यातून बघत राहतो.

रोज सकाळी थोरला भावाला पलंगावरून उचलतो. तो काटकुळा माणूस! एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, दात आवळून. त्याच्या दंडाला बेटकुळी येते, सुपारीएवढी. ती बघायला कुणी नसतं. खुर्चीपर्यंतचं अंतर फार नाही, पण हल्ली मध्येच त्याचे गुडघे लटपटतात, आणि मग दोघेही काही क्षण श्वास रोखून तसेच थांबतात.

अधूनमधून जुने चाहते येतात. धाकटा त्यांना ऐकवतो, "बाहेरच्यांनी नाही हो, बायकोनेच घात केला." मग मान वळवून विचारतो, "हो ना दादा?"

"हो," थोरला म्हणतो, आणि पाणी आणायला आत जातो.

आता ऐका. सुरुवातीला शपथ घेतली होती, म्हणून एवढं सांगून मोकळा होतो. सगळं सांगितलं ते खरं आहे. शेजारच्या सिनेमात जाऊन पडलो ते सोडून द्या, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण एक गोष्ट मी रचली. सुट्टीत माचाणावर वहिनी आली, हे खोटं. ती तंबूतून उठलीच नव्हती.

थोरला आला होता.

सकाळच्या तालमीलाच त्याने एक पिशवी कमी केली होती, रेघ तशीच ठेवून. धाकट्याला कळलं नाही. उलट तो म्हणाला, "बघ दादा, आज अंगात कसा जोर आहे!" ते ऐकून थोरल्याला धीर आला. पण सुट्टीत त्याने आरशासमोर बसलेल्या भावाचे पांढरे ओठ पाहिले आणि त्याचा धीर सगळा भीतीत गेला. तो वर आला, मला कलतं केलं आणि एकामागून एक पिशव्या काढतच राहिला. शेवटची काढताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. रेघा पुसल्या असत्या तर धाकट्याने पिशव्या परत भरायला लावल्या असत्या, म्हणून त्या पुसल्या नाहीत. पिशव्या त्याने घाईत तंबूच्या मागून आत सरकवल्या; बाकावर कोण बसलंय, ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मग मी वहिनीचं नाव का घेतलं? या घरात तसंच सांगतात म्हणून. आणि ज्याने मला घडवलं त्याचं नाव घ्यायला मला जड गेलं.

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलं तर धाकट्याला खरं काय ते सांगा. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. कोपऱ्यातल्या कागदाच्या धोंड्याने सांगितलं, असं म्हणालात तर तो हसेल. वहिनीला तिचं घर परत मिळायला हवं, एवढं मात्र नक्की.

फक्त सकाळी गेलात तर जरा थांबा. त्याला खुर्चीत नीट बसू द्या. थोरल्याच्या हातांवर असताना सांगू नका.